करडगीवरचा नंबर

बाळांनो,

मागच्या महिन्यात मी फोनवर तुम्हाला चांदीची एक छोटी डबी दाखवली. तेव्हा धाकट्याने विचारलं, "आजी, यावर नंबर का आहे? कुणाच्या लॉकरची आहे का ही?" तुमची आई हसली, मग तुमच्याकडे शाळेची बस आली आणि विषय तिथेच राहिला. फोन ठेवून मी उत्तर जुळवायला बसले, तेव्हा लक्षात आलं की ते मला नीट देता येत नाही.

डबी माझ्या थोरल्या भावाची. तो चैत्रात गेला. त्याच्या मुलाने डबीबरोबर पत्रांचं एक गाठोडंही माझ्याकडे पाठवलं, कारण घरी आलेली त्याची पत्रं आणि आमची उत्तरं दोन्ही त्याने जपली होती, आणि त्यातली बरीच माझ्या अक्षरातली आहेत. मी ती तारखेप्रमाणे लावायला घेतली. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरही 'मीठ' अशी चिठ्ठी असते. पण पत्रांवरचे पोस्टाचे शिक्के पुसलेत, तारीख घालायची त्या वयात मला अक्कल नव्हती, आणि कुठलं पत्र कुठल्या पत्राचं उत्तर आहे ते काही केल्या लागत नाही. विचारावं असं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून जसं आठवतं तसं लिहून ठेवते. लावून घ्यायचं काम तुमचं.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. माझ्या गळ्यात तुम्ही ते पाहिलं आहे: सुपारीएवढा काळा गुळगुळीत देव. तो ज्या चांदीच्या डबीत ठेवतात तिला करडगी म्हणतात. सकाळी आंघोळ झाली की देव डाव्या तळहातावर घ्यायचा, इबूत म्हणजे भस्म लावायचं, पूजा करायची आणि परत करडगीत घालून गळ्यात बांधायचा. त्यानंतर अन्न. पूजा झाली नसेल तर घास नाही. ताप असो की प्रवास असो. आणि देव अंगावेगळा करायचा नाही. माणूस गेला की तो तळहातावर ठेवूनच त्याला मातीत बसवतात. एवढं माहीत असलं की पुढचं कळायला हरकत नाही. मला एवढं माहीत असूनही पुढचं कळलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आमचं गाव भालकी तालुक्यात, खटकचिंचोळीच्या वाटेवर. अप्पा म्हणजे माझे वडील शेती करायचे आणि भालकीच्या बाजारात तूर-मूग विकायचे. आईला आम्ही अव्वा म्हणत असू. तिचं माहेर कानडी, अप्पांचं घर मराठी, त्यामुळे घरात एक वाक्य दोन भाषांत सुरू होऊन कुठल्या तरी तिसऱ्याच भाषेत संपायचं. बोलण्याची अडचण कधी आली नाही. लिहिण्याची मात्र होती. अप्पांना फक्त मोडी यायची. अण्णा, म्हणजे माझा भाऊ, निजामाच्या राज्यात शिकला, त्याचं सगळं उर्दूत. पोलिस ॲक्शन झाली, ते राज्य गेलं, आणि माझ्या वेळी शाळा एकदम मराठी झाली. नव्या मास्तरांनी आम्हाला इंग्रजी मुळाक्षरंही शिकवायला घेतली. अव्वाला कुठलंच अक्षर येत नव्हतं. चार माणसांचं घर, आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईना.

ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. अण्णा तुरीची गाडी घेऊन भालकीला गेला, आणि येताना गाडी रिकामी अन् खिशात सरकारी चिठ्ठी. तिथे फौजेची भरती चालली होती. त्याची छाती मापली, त्याला पळवलं, आणि घेतलं. आमच्या घरातून, आमच्या भावकीतून कुणी कधी फौजेत गेलेलं नव्हतं. अप्पा बराच वेळ ती चिठ्ठी उलटी-सुलटी करत राहिले.

"तुला तूर इकायला पाठवलतं," ते शेवटी म्हणाले, "सोताला इकून आलास व्हय?"

अव्वाने एकच विचारलं. "तिथं पूजेला जागा देतेत का?"

"देतेत की अव्वा. सरकार हाय ते."

सरकार काय देतं आणि काय घेतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. अण्णा गेला.

त्याचं पहिलं पत्र बाजाराच्या दिवशी आलं. टपालवाल्याने पाकीट फोडून एक नजर टाकली आणि ओट्यावरच जाहीर केलं, "इंग्रजीत हाय." अप्पांची मान ताठ झाली. पोरगा जाऊन जेमतेम दोन महिने झाले, तेवढ्यात इंग्रजी! मला शाळेतून बोलावून आणलं. ओट्यावर तोवर बरीच माणसं जमली होती. अक्षरं इंग्रजी होती, पण त्यांतून इंग्रजी शब्द काही निघेना. मला कॅट, मॅट, रॅट एवढंच येत होतं, आणि पत्रात मांजर नव्हतं.

"पोरीला येईना," शेजारच्या काकू म्हणाल्या. "उगं शाळेत घातली."

मी रडकुंडीला येऊन एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचत गेले. "मैं... यहाँ... खैरियत से..."

"थांब," अप्पा म्हणाले. "परत म्हण."

"मैं यहाँ खैरियत से हूँ."

"अगं, हे तर आपल्या भालकीच्या बाजारातलं बोलणं हाय!"

नंतर कळलं की छावणीत सगळ्या रंगरूटांना, म्हणजे नव्या शिपायांना, हिंदुस्थानी भाषा इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवत होते. कुणी पंजाबचा, कुणी मद्रासचा. सगळ्यांना एक लिपी हवी. घरी पत्र लिहिणं हा त्या वर्गातला अभ्यास. उस्ताद ते तपासून मगच टपालात टाकायचे. म्हणून अण्णाची पत्रं नेहमी परेडमध्ये उभी असल्यासारखी. आपण बरे आहोत, हवा बरी आहे, फिक्र न करें, खाना अच्छा है.

उत्तरं मी लिहायची. अप्पा मराठीत सांगायचे, अव्वा कानडीत, आणि मी ते दोन्ही इंग्रजी अक्षरांत उतरवायची. माझी पुढची सगळी इंग्रजी, कॉलेज, शिकवण्याची नोकरी, या ओट्यावरच्या पत्रांपासून सुरू झाली असं मला वाटतं. अव्वाचा पहिला शब्द ठरलेला असायचा: "ऊटा आय्ता?" म्हणजे, जेवलास का? आमच्याकडे हे नमस्कारासारखं असतं. माणूस दारात दिसला की विचारायचं. गाठोड्यातली सुरुवातीची सगळी पत्रं याच दोन शब्दांनी सुरू होतात, वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत. मग मधली काही पत्रं अशी आहेत की त्यांत ते शब्दच नाहीत. ती कशामुळे, ते आता येतंय.

येळवसेच्या आदल्या दिवशी एक पत्र आलं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि सगळे शेतात जेवायला जातात. अव्वा भज्जीसाठी भाज्या निवडत होती, आंबिलीची घागर भरून ठेवलेली होती. मी चुलीजवळ बसून वाचलं. सवय झाल्यामुळे आता न अडखळता येत होतं.

"गले का सामान सब का उतरवाया गया. स्टोर में जमा है. सब पर नंबर लगा है. फिक्र न करें. खाना बहुत अच्छा है."

अव्वाचा हात थांबला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"गळ्यातलं म्हंजे काय?" तिने अप्पांना विचारलं.

"ताईत-बिईत असतील पोरांच्या गळ्यात. गोफ असतील. कसरतीत अडकतेत म्हणून काढायला लावलं असंल."

"आपल्याच्या गळ्यात गोफ हाय व्हय? त्याच्या गळ्यात एकच हाय."

अप्पांनी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं.

"देव उतरून ठिवला," अव्वा म्हणाली, "आन् वर लिवतोय, खाना बहुत अच्छा."

दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभारली, आत पूजा झाली, अप्पांनी पिकाभोवती आंबील शिंपडली. पंगत बसली. अव्वाने सगळ्यांना वाढलं, उंडे, भज्जी, खीर, पुन्हा पुन्हा आग्रह करून. तिचं स्वतःचं ताट कोरडं.

"तू कामून घेईनास?" काकूंनी विचारलं.

"माझ्या वाटचं तिकडं जेवायलाय की एकजण. देवाबिगर."

मग तिने तिथेच, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता सांगितलं. त्याच्या गळ्यात देव परत बांधला गेल्याचं कळेपर्यंत ती भाकरी खाणार नाही. कुठलंच धान्य नाही. दूध, केळं, शेंगा, एवढंच. तो जेवणार असेल तर त्याचा उपास तिने करायचा. आणि मला म्हणाली, "यापुढं पत्रात ऊटा आय्ता लिवायचं न्हाई. तेवढं विचारूच नगं."

त्या वयात मला हा हिशेब कळला नाही, आणि आजही पुरता कळतो असं नाही. भाकरी कुणी खायची, पाप कुणाचं, उपास कुणाचा? पण अव्वाला त्यात काहीच अवघड वाटत नव्हतं. तिला फक्त एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती सांगणारं माणूस दूर छावणीत उस्तादाच्या देखत पत्रं लिहीत होतं.

सोमवारी आमचे अय्या आले. अय्या म्हणजे आमच्या घरचे जंगम, धर्माचं काही विचारायचं तर त्यांना विचारायचं. त्यांनीच अण्णाला लहानपणी लिंग दिलं होतं. अप्पांनी सगळं सांगितलं. अय्यांनी डोळे मिटले, पुष्कळ वेळ मिटले.

"हरवलं असतं तर मला ठाऊक हाय काय करायचं," ते म्हणाले. "फुटलं असतं तरी ठाऊक हाय. जमा झालं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं न्हाई."

"दुसरं द्या," अव्वा म्हणाली. "मी कापसात बांधून टपालानं धाडते."

"टपालानं? देव हातातून तळहातावर द्यायचा असतोय, बाई. टपालवाला देणार व्हय दीक्षा?" अय्या हसले, मग गंभीर झाले. "आन् समज, दुसरं दिलं. पैलं जित्तं हाय की स्टोरात. एका माणसाला दोन देव? मग पैल्याचं काय करायचं?"

देव हरवला नव्हता, म्हणून नवा देता येत नव्हता. देव गळ्यात नव्हता, म्हणून जेवता येत नव्हतं. अय्या दूध घेऊन निघून गेले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "नंबर लागलाय म्हंजे नेमकं काय केलंय, तेवढं इचारून घ्या." ते त्यांना कशासाठी हवं होतं, कुणास ठाऊक.

आम्ही विचारलं. त्या महिन्यांत आम्ही किती पत्रं टाकली सांगता येत नाही. अडचण अशी की आमचं पत्र जाऊन त्याचं येईपर्यंत मधे त्याचं जुनं एखादं येऊन जायचं. आम्ही देवाचं विचारावं आणि त्याने बैलाच्या पायाची चौकशी करावी, जो पाय बरा होऊन आम्ही तो विसरलोही होतो. आणि मग एके दिवशी हे आलं:

"हाँ, मिल गया. बहुत खुशी हुई. सब ने देखा."

अव्वाने पदर डोळ्यांना लावला. "मिळाला गं बाई. देव मिळाला." ती उठली, तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली. अमावस्येपासून पहिल्यांदा.

अप्पा पत्राकडे बघत होते. त्यांना त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, तरी ते त्याकडेच बघत होते. "आपण चटणी धाडलती की," ते हळूच म्हणाले. "येळवसेच्या आधी. शेंगाची चटणी आन् धपाटे."

"चटणी बघत्यात व्हय?" पत्र ऐकायला आलेल्या काकू मदतीला धावल्या. "सब ने देखा लिवलंय. चटणी खातेत, बघत न्हाईत."

"फौजेत बघत असतील. पार्सल उघडून बघत्यात तिथं."

"तुमास्नी काय करायचंय? जेवू द्या की तिला!"

"मला बी तिनं जेवायला पायजे," अप्पा म्हणाले. "पर त्यानं देव असं लिवलेलं न्हाई. खोट्यावर कसं जेवू घालू?"

मला पत्र तीनदा वाचायला लावलं. प्रत्येक वेळी ते तेवढंच होतं. मिल गया. काय मिळालं, ते त्याने लिहिलं नव्हतं. अव्वाने भाकरी टोपल्यात परत ठेवली, वरून फडकं झाकलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

माघ संपत आला तशा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. विहिरीवर एकदा घेरी येऊन ती खाली बसली. भालकीचे वैद्य म्हणाले, हिला धान्य द्या, बाकी औषध काही नाही. अप्पा घाबरले. गाठोड्यात या दिवसांतली दोन पत्रं आहेत. एकात आहे: 'असशील तसा निघून ये.' दुसऱ्यात आहे: 'येऊ नकोस, पळून आला म्हणतील.' दोन्ही माझ्या अक्षरात, दोन्हींखाली अप्पांची मोडी सही. आधी कुठलं गेलं आणि नंतर कुठलं, ते मला आठवत नाही. दोन्ही पोचली हे उघड आहे. त्याने ती वाचून काय करायचं होतं?

शेवटी अप्पांनी थेट छावणीच्या साहेबांना लिहायचं ठरवलं. मी शक्य तितक्या सुंदर अक्षरात लिहिलं, भाषा अप्पांची बाजारातली: 'मेहरबान साहेब, आमच्या मुलाचा देव तुमच्या स्टोरमध्ये आहे. तो त्याला मिळावा. घरी त्याची आई जेवत नाही.' यातलं साहेबांना काय समजलं असेल, देव जाणे. उत्तर मात्र आलं. जाड कागद, टाईप केलेलं, आणि हे खरंखुरं इंग्रजी. माझ्या आवाक्याबाहेरचं. मास्तरांना घरी बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. सर्व रंगरूटांच्या खाजगी वस्तू सुरक्षित आहेत. आपल्या मुलाची प्रकृती उत्तम आहे. तो दोन्ही वेळा पोटभर जेवतो, आणि भरतीपासून त्याचं वजन वाढलं आहे. तरी मातोश्रींनी निश्चिंत असावं.

मास्तर कौतुकाने हसत वर बघायला लागले. अव्वा भिंतीला टेकून रडत होती.

"वजन वाढलंय," ती म्हणत होती. "वजन वाढलंय त्याचं."

मास्तरांना वाटलं, आनंदाने रडते आहे. ते पत्र ते वर्गात दाखवायला म्हणून घेऊन गेले.

पाडव्याच्या थोडं आधी, भर दुपारी, अण्णा आला. ट्रेनिंग संपून सुट्टीवर. भालकी स्टेशनापासून ट्रंक खांद्यावर घेऊन चालत. मी ओट्यावर होते, आणि खरं सांगायचं तर मी त्याला ओळखलं नाही. केस कापलेले, चेहरा काळवंडलेला, चालण्यात काहीतरी मोजल्यासारखं. अव्वा दारात आली. इतक्या महिन्यांनी मुलगा बघायला मिळाला, पण तिने त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिची नजर त्याच्या गळ्यावर. सदरा वरपर्यंत बंद होता.

"बटन काढ," ती म्हणाली.

त्याने ट्रंक खाली ठेवली आणि बटण काढलं. आत करडगी होती. अव्वाने ती तशीच हातात धरली, दोऱ्यासकट, त्यामुळे त्याला वाकावं लागलं. तिचा अंगठा चांदीवरून फिरला आणि थांबला.

"हे काय?"

"नंबर हाय माझा."

"देवाला नंबर?"

"देवाला न्हाई अव्वा, करडगीला. ताटाला असतोय, मगाला, बुटाला, कांबळ्याला, समद्याला. हरवू नये म्हणून."

"कवा बांधलास? आत्ता, गाडीतून उतरल्यावर?"

"काल सुट्टी मिळाली, स्टोरातनं घेतला, तवा."

"म्हंजे आजवर...?"

"अगं, ऐक तर!" वाकलेल्या मानेनेच तो सांगायला लागला. स्टोअरचा हवालदार उत्तरेकडचा कुणी होता. अण्णाने पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं की मला सकाळी देव लागतो. तेव्हापासून कसरतीच्या आधी तो रोज कुलूप काढायचा. अण्णा नळावर आंघोळ करून आत जायचा, बुटांच्या आणि कांबळ्यांच्या ढिगात बसून पूजा करायचा, करडगी परत त्याच्या हातात द्यायचा. "तो दारात पाठ करून उभा ऱ्हायचा. म्हणायचा, जल्दी निपटाओ भाई, यहाँ भगवान की भी हाजिरी लगती है."

अप्पा तोवर आतून ओट्यावर आले होते. "मग हे लिवलं कामून न्हाईस?"

"लिवलं की! दर पत्रात लिवलं."

"काय लिवलंस?"

"खाना अच्छा है म्हणून." त्याला खरंच आश्चर्य वाटत होतं. "जेवायलो म्हणल्यावर पूजा झाली, हे कळत न्हाई व्हय तुमाला? पूजेबिगर मी कवा जेवलो? उस्तादाच्या म्होरं आनखी काय लिवायचं? तुमचीच पत्रं मला कळंनात. एकात ये, एकात येऊ नगं. आन् अव्वाचं ऊटा आय्ता बी बंद. मला वाटलं, ही माझ्यावर रागावली."

अव्वाने करडगी सोडली नव्हती. "दिवसभर अंगावेगळा होता की पर," ती म्हणाली.

"व्हता," अण्णा म्हणाला. त्याने तेवढंच कबूल केलं, आणि तसाच वाकून उभा राहिला.

मला वाटलं, आता परत सगळं पहिल्यापासून. अप्पांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते जमिनीकडे बघायला लागले. अव्वा बराच वेळ त्या नंबरावरून अंगठा फिरवत होती. मग पहिल्यांदाच तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं,

"ऊटा आय्ता?"

"न्हाई," तो म्हणाला. "काल निघाल्यापासून न्हाई. गाडीत आंघोळ कुठली, पूजा कुठली."

त्याचे ओठ सुकलेले होते, ते मलाही दिसलं. अव्वाने करडगी सोडली. ती आत गेली, चूल पेटवली, पाण्याचा हंडा चढवला. त्याने आंघोळ केली, ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात बसला, देव तळहातावर घेतला. अव्वा चुलीसमोर बसून भाकऱ्या थापत होती. तिथून तो तिला दिसत होता. तिने दोन ताटं वाढली. पूजा झाल्यावर तो आत आला आणि दोघं समोरासमोर बसून जेवले. तिने दीड भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी तिला जाईना, ती त्याने संपवली.

आता तुम्ही विचाराल, मग गोंधळ कसला? मिटलं की सगळं. बाळांनो, मी अजून तिथेच अडकते. स्टोअर, हवालदार, बुटांच्या ढिगातली पूजा, हे सगळं खरं होतं, की ओट्यावर वाकून उभं असताना आईच्या बांगड्या बघून त्याला सुचलं? त्याच्या पत्रांत हवालदार कुठेच नाही. मी सगळी पत्रं परत वाचली. 'खाना अच्छा है' मात्र प्रत्येकात आहे. पूजा होत होती असं धरून वाचलं तरी ते बरोबर बसतं, आणि होत नव्हती असं धरलं तरी बसतं. अप्पांचा पूर्ण विश्वास होता. अय्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून हे आम्हा कुणालाच ठरवता आलं नाही. अव्वा त्यावर कधीच बोलली नाही. तिला वाटेतला उपास पटला, की त्याने 'व्हता' म्हणून कबूल केलं ते पटलं, की ती फक्त दमली होती?

खूप वर्षांनी, दोघंही म्हातारे झाल्यावर, मी अण्णाला सरळ विचारलं. तो हसला. "समदी पत्रं तूच वाचलीस की. तुला काय वाटतंय?" मला काय वाटतं हे मला माहीत असतं, तर मी विचारलं कशाला असतं?

सुट्टी संपवून परत गेल्यावर त्याच्या पत्रांची सुरुवात बदलली. पहिली ओळ: 'पूजा हुई. खाना हुआ.' याच क्रमाने, पेन्शनीत निघेपर्यंत. अव्वा ऐकून म्हणायची, "लिवायला काय जातंय." आणि मग जेवायला बसायची.

पत्रं माझ्याकडे आहेत, वाळवीने खाल्लेली दोन सोडून. साहेबांचं टाईप केलेलं पत्र मास्तरांकडेच राहिलं, ते परत मिळालं नाही. ओटा पाडून तिथे आता दुकान झालं आहे. चैत्रात अण्णाच्या तळहातावर त्याचा देव ठेवला आणि त्याला मातीत बसवलं, त्यामुळे देव त्याच्याबरोबर गेला. करडगी माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, रिकामी. नंबरातले शेवटचे दोन आकडे झिजलेत. बाकीचे वाचता येतात.